सुमे, बोटीवर येण्याआधी हे वाच

अपोलो बंदर, मुंबई
डिसेंबर

प्रिय सुमे,

आमच्या बोटीवर राहायला यायचं म्हणून परवा फोनवर तू सगळं विचारलंस. झोपायचं कुठे, स्वयंपाकाला गॅस आहे का, बोट लागते का. मग जरा थांबलीस आणि म्हणालीस, "बाकीचं काय ते बघू गं." शाळेपासूनची मैत्री आपली, बाकीचं म्हणजे काय ते मला कळणार नाही होय? गेटवेच्या गर्दीत उभं राहून हे नीट सांगता यायचं नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

बोटीवर संडास आहे. पुढे नाळेकडे, कपाटाएवढ्या खोलीत. सगळे त्याला 'हेड' म्हणतात, कारण जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची ही सोय जहाजाच्या पुढच्या टोकाला असायची. कमोड आहे, बुटका, पण दोन्ही हातांना भिंती लागतात, त्यामुळे उठताना तुझ्या गुडघ्यांना आधार मिळेल. फ्लशऐवजी हातपंप आहे. आधी तळाचा कॉक उघडायचा, खटका एकीकडे करून दांडा पंधरा वेळा वरखाली करायचा, की समुद्राचं पाणी आत येतं. मग खटका उलटा करून पुन्हा पंधरा वेळा. शेवटी कॉक बंद. तो उघडा राहिला तर पाणी हळूहळू बोटीत शिरू शकतं, म्हणून मी तुला दर वेळी विचारणार आहे. राग मानू नकोस, ह्यांनाही विचारते. आणि जे पोटातून गेलेलं नाही ते त्यात टाकायचं नाही. केस नाही, कापूस नाही, कागद नाही. कागदाने नळ्या तुंबतात. आपण पाणी वापरणारी माणसं, त्यामुळे निम्मी कटकट मिटलेलीच आहे.

हे सगळं जातं कुठे, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. बाकाखाली 45 लिटरची टाकी आहे, तिच्यात. दोघांनी मोकळेपणाने वापरलं तर ती तीन दिवसांत भरते. मी चौकशी केली त्या एकाही धक्क्यावर ती उपसून घ्यायची सोय नाही. मोठ्या जहाजांना मैला तसाच सोडायचा असेल तर किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पलीकडे जावं लागतं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आमच्या बोटीला तो लागू नाही, पण आम्ही तोच पाळतो. 12 मैल म्हणजे 22 किलोमीटर. वारा चांगला असला तरी प्रोंग्सचं दीपगृह मागे टाकून तिथवर जायला तीन तास, यायला तीन. म्हणजे अख्खा दिवस गेला.

शेजारच्या बोटीवरचे एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्या शहराचं सांडपाणी समुद्रातच जातं, तुमच्या एका टाकीने काय होणार?" शहराचं जातं हे खरं आहे. वरळी आणि वांद्र्याहून पाइप थेट समुद्रात तीनेक किलोमीटर आत नेलेत. पण सुमे, मी पहाटे डेकवर उभी असते तेव्हा होड्या ससून डॉककडे परतत असतात. त्यांतलीच मासळी दोन तासांनी मी पिशवीत घेऊन येते. माझ्या हाताखालचा खटका फिरवून मी या पाण्यात घाण सोडावी, हे मला जमत नाही. त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितलं.

म्हणून टाकी फक्त रात्रीसाठी. बाकी सगळं जमिनीवर, धक्क्यावर नेणाऱ्या सकाळच्या पहिल्या लाँचने. असं केलं की टाकी आठ-नऊ दिवस पुरते.

आता खरं दुखणं सांगते. बोटीवरच्या कपाटाची सवय मला पंधरवड्यात झाली. जमिनीवर मात्र बरी जागा सापडायला दोन महिने गेले. मूरिंगची, म्हणजे बोट बांधून ठेवायची, जागा आमची भाड्याची, तिथली स्वच्छतागृहं सभासदांसाठी. बाहेर पडलं की एके ठिकाणी कडी नाही, दार पायाने दाबून धरायचं. एके ठिकाणी बादली आहे तर नळ कोरडा. एका ठिकाणी पुरुषांना लघवीचे पैसे नाहीत आणि मला आहेत. यावरच 2011 पासून मुंबईतल्या बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, आठवतं? तेव्हा मी पेपरात वाचून पान उलटलं होतं. घरात दोन बाथरूम होती ना.

ऑक्टोबरात मी काय केलं, तर पाणी पिणं कमी केलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच झालं. लाँच सातला, म्हणून रात्री आठनंतर घोटभरसुद्धा नाही. दिवसा बाजारात, बँकेत जायचं तर सकाळपासून नाही. त्या उकाड्यात! तिसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाली, ताप चढला. डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "फिरतीचं काम करता का?" त्यांच्याकडे अशा बाया रोज येतात म्हणाल्या. मासळीवाल्या, सेल्सच्या पोरी, रस्त्यावर ड्यूटी करणाऱ्या हवालदार. मला रडू आलं ते तापामुळे नाही.

'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या सहा मुली जग फिरून 2018 साली गोव्याला परतल्या, तेव्हा बातम्या बघताना माझ्या मनात पहिला विचार हाच आला होता की 17 मीटरच्या बोटीत 254 दिवस यांनी हे कसं निभावलं असेल. आता वाटतं, बोटीवर त्यांचं निभावलं असणार. तिथे दार आपलं असतं आणि कडीही आपली.

आता बरी जागा सापडली आहे. कुलाब्यात, एका गल्लीच्या तोंडाशी, पे अँड यूज. सांभाळणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या. पहाटे पाचला फरशी धुतात आणि नुसती धुऊन थांबत नाहीत, रबराच्या झाडूने पाणी ओढून कोरडी करतात. मी आत जाते तेव्हा फिनेलचा वास असतो आणि पायाखाली ओल नसते. साडीचा काठ वर खोचायचा नाही, सलवार गुडघ्यापर्यंत ओढायची नाही, हे किती मोठं सुख आहे ते तुला सांगू शकत नाही. कडी लागते. दिवा आहे. फक्त दाराला हुक नव्हता, पिशवी दातांत धरावी लागायची. मी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून चार पितळी हुक आणून दिले. मावशींनी त्याच दुपारी नवऱ्याकडून तीन दारांना ठोकून घेतले. चौथा अजून त्यांच्या पैशांच्या डब्यात आहे, त्या दाराचं लाकूड कुजलंय म्हणून. दार बदला म्हणून दोघींनी मिळून अर्ज दिला आहे. मावशींनी अंगठा नाही हं, सही केली, पूर्ण नाव लिहून.

तुला मी तिथेच नेणार. पाणी मात्र मनसोक्त प्यायचंस, ही माझी अट आहे.

आणि तारीख ठरवताना पंचांग बघ. अमावस्या-पौर्णिमेला इथे दुपारी बाराच्या सुमारास भरती असते आणि सकाळ-संध्याकाळ सहाला पार ओहोटी. तेव्हा धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळलेल्या, तुझ्या गुडघ्यांना नकोच त्या. अष्टमीच्या आसपास ये. संध्याकाळी सहाला पाणी चढलेलं असेल, लाँच वरच्या पायरीला लागेल आणि ह्यांचा हात धरून तू सरळ आत पाऊल टाकशील. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला आण.

तुझी,
निमी