चिऊचा फॉर्म

डर्बी, ५ ऑगस्ट, रात्र

प्रिय बंड्या,

सात महिने झाले. व्हॉट्सॲपवर गणपतीचे फोटो आणि अंगठे पाठवून आपण दोघं दिवस ढकलतोय, पण आजचं त्यावर लिहिण्यासारखं नाही. आणि हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही. घरी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, आईचा गुडघा जैसे थे.

शनिवारी चिऊला घेऊन मॅम टॉरला गेलो होतो. इथे जुलैअखेरीपासून सहा आठवडे शाळेला सुट्टी असते आणि रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड. त्यामुळे रोज सकाळी तिचा एकच प्रश्न, ‘बाबा, आज कुठे?’ डर्बीशायरमध्ये त्याला उत्तरं भरपूर आहेत. मॉन्सल ट्रेल झाला. जुन्या रेल्वेलाइनवरची साडेआठ मैलांची वाट आहे, भाड्याची सायकल घ्यायची आणि बोगद्यांतून जायचं. बोगदा आला की ही पोर हाळी देते. खंडाळ्याच्या बोगद्यात डब्याच्या दारात उभा राहून तू द्यायचास ना, हुबेहूब तशी. एका गावात विहिरींची सजावट पाहिली. लाकडी फळ्यांवर ओली माती थापतात आणि त्यात फुलांच्या पाकळ्या एकेक दाबून चित्र काढतात. आई अर्धा तास तिथून हलली नाही.

तर मॅम टॉर. उंची ५१७ मीटर. तू हसशील, आपण त्याला टेकाड म्हटलं असतं. पण डोंगर जिवंत आहे रे. वर वालुकाश्म आणि खाली ठिसूळ शेल, त्यामुळे तो सतत घसरत असतो. लोक त्याला थरथरणारा डोंगर म्हणतात. त्याच्या कुशीतून जाणारा हमरस्ता दुरुस्त करून करून शेवटी १९७९ साली कायमचा सोडून दिला. डांबराचे थर एकावर एक चढलेले, मध्येच तुटून खाली लोंबलेले. चिऊ त्या भेगांवरून उड्या मारत होती. मला पावसाळ्यातला वरंधा घाट आठवला.

माथ्यावर बसून डबा खाल्ला. वाटेत बिलबेरी खाऊन हिची जीभ करवंदं खाल्ल्यासारखी जांभळी. समोर एडेलचं खोरं आणि पलीकडे किंडर स्काउटचं पठार. ती गोष्ट मी तिला मोठ्या हौसेने सांगितली. ही माळरानं तेव्हा जमीनदारांची होती, शिकारीसाठी राखून ठेवलेली. सामान्य माणसाला पाऊल टाकायची बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार पोरंपोरी परवानगी न घेता किंडरवर चढली. पाच जणांना तुरुंगात टाकलं, आणि खटला चालला आमच्या डर्बीत. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन जेमतेम वीस वर्षांचा होता. १९५१ साली हाच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. चिऊने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे ते तुरुंगात गेले, म्हणून मी इथे पळू शकते.’ आणि पळाली.

तिथून लूझ हिलपर्यंत धारेवरून वाट जाते. फरसबंद आहे, म्हातारी माणसं कुत्री घेऊन चालतात. बॅक टॉरपाशी मात्र एडेलच्या बाजूला कडा तुटलेला आहे. मी पन्नास पावलं मागे होतो. बघतो तर ही कड्याच्या टोकावर पाय खाली सोडून बसलेली.

बंड्या, माझ्या पायांतलं बळ गेलं. पुढे टाकायला पाऊल उचलेना. आणि तोंडातून जी हाक निघाली ती ढाकच्या कड्यावरून तू पडलास तेव्हाची होती. तीच. मी परत तसा ओरडेन असं मला वाटलं नव्हतं. चिऊ दचकली. त्या दचकण्यानेच ती घसरायची! मग गुडघ्यांवर रांगत मागे आली आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. रविवारी सकाळी दात घासताना विचारते, ‘बाबा, तुला डोंगराची भीती वाटते का?’ मी म्हटलं, छे.

मी तिच्याशी खोटं बोललो आणि तिने ते ओळखलं. तेव्हापासून ती जिन्यावरूनही कठडा धरून उतरते. माझी भीती तिला लागली रे, सर्दी लागावी तशी.

त्यात तो फॉर्म. सुट्टीतल्या मुलांचा एक गट स्टॅनेज एजला प्रस्तरारोहणाला जाणार आहे. हॅदरसेज गावाच्या वरची ती कड तू फोटोत पाहिली असशील, काही मैल सलग कातळ. आपल्या कातळासारखा काळा गुळगुळीत नाही, पाट्यासारखा खरबरीत. खाली गवतात घडवून तशीच सोडून दिलेली दगडी जाती पडलेली आहेत. महिनाभर ती त्या दिवसासाठी नाचत होती. पालकांची सही हवी आणि फॉर्म तीन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली आहे. आता तीही आठवण करत नाही. मला तेच जास्त लागतं.

पालकांना बोलावून सगळं दाखवलं होतं. हेल्मेट, हार्नेस, वरून दोर. आठाची गाठ बांधायची आणि चढण्याआधी जोडीदाराने ती हात लावून तपासायची, दर वेळी, कुणीही असो. ते ऐकताना मला घाम फुटला. माझी गाठ कुणी तपासली नव्हती.

बावीस वर्षं तू सगळ्यांना सांगतोस की दोर जुना होता. काकांना सांगितलंस, माझ्या आईला सांगितलंस. आणि मी दवाखान्यात तुझ्याशीच भांडलो, की तू घाई केलीस. तू प्लॅस्टरमध्ये, आणि मी तुला सुनावतोय. दोर धड होता, बंड्या. गाठ सुटू नये म्हणून वर मारायची ती दुसरी गाठ मी मारलीच नव्हती. अंधाराच्या आत जांभिवलीला उतरायचं होतं, मी घाईत होतो. तुला हे माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. पण आपण कधी बोललो नाही. बोललो ते फक्त ढाकच्या बहिरीच्या गुहेतल्या भांड्यांतल्या खिचडीवर. आणि त्यात दोनदा मीठ तूच घातलंस, हे मात्र मी मरेपर्यंत म्हणणार.

मला चिऊला हे सांगायचं आहे. बाबाला भीती वाटते, आणि का वाटते, ते. गाठ कशी चुकली ते दोर हातात घेऊन दाखवायचं आहे. मग सही करायची आहे. पण पाय तुझा मोडला होता, गोष्ट तुझीही आहे. अजून पावसाळ्यात तो दुखतो असं वहिनी मागे म्हणाल्या होत्या. तू नको म्हणालास तर नाही सांगणार.

बढतीचं कळलं, मनापासून अभिनंदन. नागपूरला खरंच जाणार का? धाकट्याच्या ॲडमिशनचं झालं का? गच्चीची गळती थांबली की नाही? वहिनींना नमस्कार, काकांना साष्टांग.

फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून पानांचे फोटो पाठवतोय. फोन करू नकोस, लिही. फोनवर आपण दोघंही विषय बदलतो.

तुझा,
दिग्या