हायब्रिड गाडी चालवायला शिकवणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातील राजारामपुरी ते कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत हा माझा रोजचा रस्ता आपण शेजारी बसून पाहिलात आणि पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली हायब्रिड गाडी पेट्रोल कुठे वाचवते व कुठे वाया घालवते, हे एकही टोमणा न मारता समजावून दिलेत. त्याबद्दल घरी येऊन आभार मानले होतेच. परंतु आमच्या कारखान्यात अशा गाड्या घेणारे आता बरेच झाले आहेत आणि 'कंपनी लिटरला २७ किलोमीटरच्या पुढे सांगते, मग आमचे ॲव्हरेज एवढे का पडत नाही,' असा प्रश्न जो तो विचारतो, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तो आकडा प्रयोगशाळेतील रोलरवर ठरलेल्या चक्राप्रमाणे गाडी चालवून मोजलेला असतो. त्यात सायबर चौकातील सकाळची गर्दी नसते आणि महामार्गाच्या रुंदीकरणासाठी वळवलेली वाहतूकही नसते.

आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत की बॅटरीतली वीज फुकटची नव्हे, तीही शेवटी पंपावर भरलेल्या पेट्रोलचीच आहे. आमच्या गाडीची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. इंजिन बंद ठेवण्याच्या हौसेने नुसत्या विजेवर चालण्याचे 'ईव्ही'चे बटण दाबून मुंगीच्या पावलाने जात राहिले, तर ती लवकरच उतरते आणि मग तिला भरण्यासाठी इंजिनाला जास्तीचे काम करावे लागते. पेट्रोलची वीज करायची, ती साठवायची आणि पुन्हा चाकाला द्यायची, या प्रत्येक पायरीवर थोडी गळती असतेच. म्हणून सिग्नल सुटल्यावर डॅशबोर्डवरचा काटा 'इको'च्या, म्हणजे काटकसरीच्या, पट्ट्यात ठेवून इंजिनाला ठामपणे काम करू द्यावे, हवा तो वेग आला की पाय सैल करावा आणि पुढचे मोटरवर सोडावे, ही आपली रीत. कोणत्या क्षणी काय वापरायचे हे गाडीला आपल्यापेक्षा बरे कळते, हे एस.टी.त उभा जन्म गिअर बदलण्यात घालवलेल्या माणसाने मान्य करावे, याचे मला आजही कौतुक वाटते.

खरा धडा मात्र गोकुळ शिरगावच्या अलीकडे मिळाला. गळीत हंगाम चालू होता आणि पुढे बऱ्याच अंतरावर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रेंगाळत होता. मागच्या गाड्या आधी सुसाट जाऊन शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक मारत होत्या. आपण फक्त तळहात खाली दाबल्यासारखा केलात. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तसा तो काटा 'चार्ज'कडे झुकला, म्हणजे चाकांच्या गतीतून मोटर वीज करून बॅटरी भरू लागली. मग आपल्या सांगण्यावरून पाय अगदी हलका टेकवून काटा मधल्या रेषेवर आणला, तेव्हा ना वीज खर्च होत होती ना साठत होती आणि गाडी आपल्याच वेगावर निवांत पुढे जात होती. ट्रॅक्टर जवळ आल्यावर ब्रेक लवकर, हळू आणि लांबवर दाबायला लावलात. मोटरला एका वेळी ठरावीक मर्यादेपर्यंतच शक्ती परत घेता येते, त्यापुढची सगळी ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन जाते, हे त्या वेळी काट्याकडे पाहतानाच उमगले. दहा लिटरला किती किलोमीटर, असा हिशेब देत ज्यांनी एस.टी. चालवली, त्यांना पुढचा रस्ता वाचण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नसणार.

उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. हायब्रिड गाडीत तिचा तोटाच होतो, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही. आपण गाडीसोबत आलेली पुस्तिका चष्मा लावून आधी वाचलीत आणि मगच हे ठामपणे सांगितलेत. माझ्या ओळखीतल्या किती गाडीमालकांनी ती पुस्तिका उघडली असेल, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

टायरमधली हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे तपासावी, हे सर्वांना ठाऊक असते आणि फार थोडे लोक करतात. वेगाबाबतही आपला आग्रह रास्त होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो आणि एवढे करून कागलपर्यंत वाचतात ती मोजकी मिनिटे. सकाळी इंजिन गरम होईपर्यंत पेट्रोल जास्त जाते, म्हणून भाजी, बँक आणि दवाखाना अशी कामे वेगवेगळ्या फेऱ्यांत न विखुरता परतीच्या वाटेवरच उरकावीत, ही सूचना घरात सर्वांत आधी सौभाग्यवतींनी अंमलात आणली.

एसीच्या बाबतीत मात्र आपले एकमत झाले नाही. आपण काचा उघडायला सांगता. शहरातल्या वेगात ते ठीकच आहे, पण महामार्गावर उघड्या काचांमुळे हवेचा विरोध वाढतो आणि एप्रिलच्या उन्हात कामावर पोहोचेपर्यंत शर्ट भिजतो, म्हणून मी एसी बेताच्या तापमानावर चालूच ठेवतो. ॲव्हरेज पूर्वीपेक्षा चांगले सुधारले आहे आणि ते पडद्यावरच्या आकड्यावरून नव्हे, तर आपण सांगितल्याप्रमाणे टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असे मोजून सांगत आहे.

पुढील महिन्यात गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली कोकणात उतरण्याचा बेत आहे. लांब उतारावर ही छोटी बॅटरी लवकर भरते आणि मग गिअरच्या दांड्यावरचा 'बी' टाकून इंजिनाच्या रोधाने गाडी आवरावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत, असे आपण बोलता बोलता म्हणाला होतात. तो 'बी' घाटाच्या तोंडालाच टाकावा की बॅटरी भरल्यावर, हे नीट विचारून घेण्यासाठी रविवारी सकाळी येत आहे. कृपया घरीच असावे.

आपला ऋणी,
राजारामपुरीतील एक शेजारी