घणसोलीच्या दुकानदार काकांना

काका,

नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. घणसोली स्टेशनबाहेरचं दूध-कोल्ड्रिंकचं दुकान, एवढी ओळख पुरे.

आमच्या फिल्ममध्ये तसं काहीच घडत नाही. महापेला बॅक ऑफिसमध्ये काम करणारी मुलगी आणि तुर्भ्याच्या मार्केटमधला माथाडी, दोघांची शेवटची ठाणे लोकल चुकते आणि पाऊण तास ते एका दुकानाच्या फळीवर बसून बोलतात. बस्स. पण त्या पाऊण तासाला जागा मिळेना. एक कॅफेवाला महिनाभर "आपलंच समजा" म्हणत होता, शूटिंगच्या दिवशी दुपारी चारला त्याने दुप्पट भाडं सांगितलं. ज्या सोसायटीत लहानाचा मोठा झालो, तिथल्या सेक्रेटरींनी तर फोनच उचलला नाही. वर्गणीच्या वेळी बरा लागतो माझा नंबर!

तुम्ही "किती वाजेपर्यंत?" एवढंच विचारलंत.

फिल्म सिंक साउंडवर होती, संवाद जागेवरच रेकॉर्ड होणार. तुमचा फ्रिज मध्येच घुरघुरायचा, मध्येच गप्प व्हायचा. असे दोन शॉट जोडले की आवाज तुटतो. आत दुधाच्या पिशव्या असताना तुम्ही स्वतः बटण बंद केलंत. आमच्या साउंडवाल्या पोराने बाइकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. जुनी युक्ती आहे ही: निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो, मग तो सुरू करायचा राहत नाही. तुम्ही हसलात, खिशातून घराची किल्ली काढलीत आणि तिच्या शेजारी ठेवलीत.

"माझीही राहू दे."

तोवर मी दर दहा मिनिटांनी "झालंच काका, झालंच" करत होतो. त्यानंतर एकदाही म्हणावं लागलं नाही. चांगुलपणा असतो हो आपल्याकडे, फक्त तो "आपलंच समजा" असं बोलून दाखवत नाही.

दीड वाजता शेवटचा टेक झाला. मग रूम टोन, म्हणजे अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, नुसती तिथली शांतता टिपायची. तुम्ही चिक्कीच्या बरणीला झाकण लावत होता, ते अर्धवट फिरवलेलं तसंच धरून उभे राहिलात. आमचा हिरो खोकला, पुन्हा घ्यावं लागलं. तुम्ही झाकण सोडलं नाहीत.

विजेचे ठरलेले पैसे घेतलेत, वर एक रुपया नाही.

एडिट झालंय आता. तो अर्धा मिनिट संवादांच्या मधे मधे सगळीकडे पेरलाय. रविवारी लॅपटॉप घेऊन येतो, दुकानातच बघू. फ्रिज चालू राहू दे.