गेममधला हिरो 27 पॉइंटांत बसवताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात व्हिडिओ गेमबद्दल जेव्हा काही छापून येतं तेव्हा ते बहुतेक वेळा डोळे, झोप, अभ्यास नाहीतर व्यसन ह्यावर असतं. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तेच गेम खेळणारी पोरं नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि त्यातला आवडता हिरो टेबलटॉप गेमच्या नियमांत बसवायला तासन् तास डोकं लावतात, त्याबद्दल एक ओळसुद्धा वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

मी बरीच वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतो. म्हणजे टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, आणि बाकी सगळ्या जगाचा कारभार माझ्याकडे. हा खेळ 1974 चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचा. लेव्हल, हिट पॉइंट (म्हणजे शिल्लक जीव), क्लास (म्हणजे कॅरेक्टरचा पेशा) हे जे शब्द आज व्हिडिओ गेमचेच वाटतात ते रूढ झाले ते इथून, त्यामुळे गेममधला हिरो टेबलावर आणणं म्हणजे खरं तर त्याला आजोळी आणणं आहे.

ह्याला लोक सरळ कॉपी म्हणतात आणि तिथेच माझं भांडण आहे. कॉपी करायला गेलात तर जमतच नाही, कारण व्हिडिओ गेममधल्या हिरोला सगळंच येतं आणि इथे हातात पॉइंट फक्त 27. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असे सहा आकडे, प्रत्येक 8 पासून सुरू, सुरुवातीला 15 च्या वर न्यायचा नाही, आणि एका 15 लाच 9 पॉइंट जातात. म्हणजे तीन ठिकाणी 15 घेतले की खिसा रिकामा आणि बाकी तिन्हीकडे 8. मग ठरवावंच लागतं की हा माणूस आतून कोण आहे, कशात कच्चा आहे.

क्रेटोसचं उदाहरण घ्या. आमच्याकडे एका मुलाला तोच पाहिजे होता, 2018 च्या गॉड ऑफ वॉर गेममधला, फेकलेली कुऱ्हाड हातात परत येते तो. क्लास बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, ह्यात वादच नाही. पण कुऱ्हाड परत कशी आणायची? जादूने म्हणावं तर रेजमध्ये, म्हणजे रागाने पेटून लढत असताना, बार्बेरियनला मंत्र टाकता येत नाही. आम्ही दोघं पुस्तक उलटंपालटं करत बसलो आणि शेवटी ते सापडलं फायटरच्या, म्हणजे साध्या लढवय्याच्या, एल्ड्रिच नाइट ह्या थोडी जादू जाणणाऱ्या सबक्लासमध्ये (उपप्रकारात), फायटरच्या तीन लेव्हल घेतल्या की तो शस्त्राशी बंध जोडतो आणि बोनस ॲक्शन, म्हणजे टर्नला एकदाच मिळणारी छोटी जादा कृती, वापरून ते हातात बोलावतो, आणि हा बंध म्हणजे मंत्र नसल्यामुळे रेजमध्येही चालतो! फक्त रेजलाही बोनस ॲक्शनच लागते, म्हणून ज्या टर्नला चिडला त्याच टर्नला कुऱ्हाड बोलावता येत नाही. पोरगा आधी खट्टू झाला. मग त्याच्याच लक्षात आलं की 2014 च्या नियमांत पहिल्या लेव्हलला रेज दिवसातून दोनदाच मिळतो आणि ह्या गेममधला क्रेटोससुद्धा पोरासमोर राग गिळत फिरणारा बाप आहे, म्हणजे राग जपून वापरायचा हा नियम त्याला शोभतोच. तेव्हापासून त्याने रेज अगदी नाइलाज झाल्याशिवाय वापरला नाही. आता ह्याला कॉपी कसं म्हणायचं?

विचर 3 ह्या गेममधला राक्षस मारणारा गेराल्ट त्यामानाने सोपा. तोही एल्ड्रिच नाइट, त्याच्या गेममधल्या जादूंपैकी क्वेन ह्या कवचासाठी शील्ड, इग्नी ह्या आगीसाठी बर्निंग हँड्स, आर्ड ह्या धक्क्यासाठी थंडरवेव्ह हे मंत्र. अडतं ते मन वळवणाऱ्या ॲक्सीवर. 2014 च्या नियमांत ह्या सबक्लासला जवळजवळ सगळे मंत्र संरक्षण नाहीतर स्फोटाच्या प्रकारातले घ्यावे लागतात, दुसऱ्याचं मन वळवणारा चार्म पर्सन घ्यायचा तर सुरुवातीची एकुलती एक मोकळी जागा त्यात जाते. मी म्हणतो जाऊ दे, गेराल्ट तलवार न काढता काम होत असेल तर बघतोच की. मारिओ मात्र आणू नका असं मी सांगतो. ताकद 20 केली तरी दहा फूट धावून सरळ वर उडी 8 फुटांचीच भरते आणि उडीशिवाय त्याच्यात उरतं काय.

सगळ्यात जास्त वाद झाला तो झेल्डा गेममधल्या लिंकवरून. तलवार, ढाल, धनुष्य, बॉम्ब म्हणजे फायटर असं सगळ्यांचं मत पडलं, पण आमच्यातली एक मुलगी पॅलाडिनच, म्हणजे शपथेला बांधलेला पवित्र योद्धाच, म्हणून अडून बसली. इतर म्हणाले पॅलाडिनला व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव लागतो आणि लिंक तर तोंडच उघडत नाही. ती म्हणाली प्रभाव म्हणजे बडबड नाही, ट्रायफोर्स ह्या त्याच्या गेममधल्या दैवी त्रिकोणातला त्याच्या वाट्याचा भाग धैर्याचा आहे, आणि पॅलाडिनला दहाव्या लेव्हलला नेमकं तेच मिळतं, तो स्वतः घाबरत नाही आणि दहा फुटांच्या आत उभे असलेले सोबतीही घाबरत नाहीत. सगळे गप्प झाले. हत्यारं बघून क्लास ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, हत्यार दुकानात मिळतं.

आणखी एक, तयार बिल्ड, म्हणजे हिरोचे आराखडे, मिळतात ते बहुतेक 20 व्या लेव्हलचे, तिथपर्यंत आमचा एकही खेळ पोचलेला नाही. पहिल्या लेव्हलचा लिंक कसा असेल ते लिहा, ज्याला अजून मास्टर सोर्ड ही त्याची खास तलवार मिळालेली नाही. आणि इथे सेव्ह फाइल नसते हे पण नव्या मुलांना आधी सांगा. हिट पॉइंट शून्य झाले की दर टर्नला वीस बाजूंचा फासा, 10 च्या खाली तीनदा पडला की कॅरेक्टर गेलं. महिनाभर खपून बनवलेला हिरो असा जातो तेव्हा फार लागतं, मी मुलांना रडताना बघितलंय.

माझी विनंती एवढीच की मुलांच्या पुरवणीत एकदा कोऱ्या कॅरेक्टर शीटचं पान छापा, सहा आकड्यांचे सहा चौकोन, नावाची जागा रिकामी, आणि वर 27 पॉइंटांचा हिशेब. नियमांचं मराठीकरण मी करून देईन, काही मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक