ऑस्ट्रेलिया युरोव्हिजनमध्ये का आहे, आणि मागे कुठे पडतो

महोदय,

युरोव्हिजन गीतस्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे काय काम, हा प्रश्न दर मे महिन्यात नव्याने निघतो. आपल्या पुरवणीतील लेखातही तो निघाला. केवळ प्रेक्षकसंख्या वाढवण्यासाठी ऑस्ट्रेलियाला घेतले आणि युरोपचे लोक शेजाऱ्यांनाच मते देत असल्यामुळे तो देश मागे पडतो, असा लेखाचा मथितार्थ. नियम आणि गुणतक्ते शेजारी ठेवून पाहिले तर यातले पहिले अर्धवट आणि दुसरे चुकीचे ठरते.

मुळात या स्पर्धेत देश उतरत नाहीत, प्रसारण संस्था उतरतात. ऑस्ट्रेलियाच्या वतीने उतरते ती एसबीएस ही सार्वजनिक वाहिनी. स्थलांतरितांसाठी बहुभाषिक कार्यक्रम देणे हे तिचे मूळ काम, आणि ही स्पर्धा ती १९८३ पासून दाखवते आहे, म्हणजे स्वतः भाग घेण्याच्या ३२ वर्षे आधीपासून. स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची, अर्थात ईबीयूची, ती सहयोगी सदस्य आहे. पण सहयोगी सदस्याला गाणे पाठवण्याचा हक्क नसतो. जपानची एनएचकेही सहयोगी सदस्यच, पण जपान कधी उतरलेला नाही. हक्क फक्त पूर्ण सदस्यांना. त्यासाठी संस्था युरोपियन प्रसारण क्षेत्रातली किंवा युरोप परिषदेच्या सदस्य देशातली असावी लागते. हे प्रसारण क्षेत्र नकाशावरच्या युरोपपेक्षा मोठे आहे, त्यात उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा काही भाग येतो. म्हणून इस्रायल १९७३ पासून आहे आणि मोरोक्को १९८० साली एकदा येऊन गेला. लेबनॉनने २००५ मध्ये गायिकाही निवडली होती. पण संपूर्ण कार्यक्रम काटछाट न करता दाखवावा लागतो, आणि इस्रायलचे गाणे दाखवण्याची हमी तिथल्या वाहिनीला देता आली नाही. लेबनॉन स्पर्धेबाहेर गेला तो तेवढ्यावरून.

ऑस्ट्रेलिया मात्र क्षेत्रातही नाही आणि परिषदेतही नाही. २०१५ मध्ये व्हिएन्नाला साठावी स्पर्धा होती, तेव्हा एसबीएसला खास निमंत्रण मिळाले. ऑस्ट्रेलियाचा गायक गाय सेबॅस्टियन याला उपांत्य फेरीशिवाय थेट अंतिम फेरीत घेतले आणि कोणाची जागा जाऊ नये म्हणून त्या वर्षी २७ गाणी झाली. तो पाचवा आला. निमंत्रणाला अट होती: जिंकलात तर पुढची स्पर्धा एखाद्या युरोपीय वाहिनीच्या भागीदारीत युरोपातच भरवायची. २०१६ पासून ही थेट प्रवेशाची सवलत गेली. तेव्हापासून ऑस्ट्रेलिया इतरांसारखाच उपांत्य फेरीतून येतो, किंवा येत नाही. पाहुणा म्हणायचे तर इतकेच, की त्याचा प्रवेश हक्काने नसून निमंत्रणाने होतो.

आता गुणांकडे वळतो. अंतिम फेरीत प्रत्येक देश दोन संच देतो, एक व्यावसायिक परीक्षकांचा आणि एक प्रेक्षकांचा. दोन्हींत पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, मग ८ ते १ असे गुण. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. कागदावर दोन्ही संच सारखे दिसतात, पण ते तयार होतात वेगळ्या रीतीने. परीक्षकाला सगळी गाणी क्रमाने लावावी लागतात, त्यामुळे सफाईदार गायलेले गाणे कोणाचेच सर्वांत लाडके नसले तरी चौथे-पाचवे लागते आणि गुण घेऊन जाते. प्रेक्षक क्रम लावत नाही. त्याला दहा गाणी बरी वाटली तरी फोन तो दोघा-तिघांसाठीच उचलतो. एखादे गाणे प्रत्येक देशात अकरावे आले, तर त्याची बेरीज शून्य.

ऑस्ट्रेलियाचा ताळेबंद या फरकात उलगडतो. २०१६ मध्ये स्टॉकहोमला दामी इमला परीक्षकांचे ३२० गुण मिळाले, सर्वांत जास्त, प्रेक्षकांचे १९१. एकूण ५११ गुणांसह ती दुसरी आली. (त्या वर्षी परीक्षकांत ऑस्ट्रेलिया पहिला, प्रेक्षकांत रशिया पहिला आणि जिंकला ५३४ गुणांनी युक्रेन. दोन्ही याद्यांत वर राहण्याचा फायदा इतका ठसठशीत क्वचितच दिसतो.) पुढच्या वर्षी आयझायाला परीक्षकांचे १७१, प्रेक्षकांचे २. २०१८ मध्ये जेसिका माउबॉयला ९० आणि ९. २०२२ मध्ये शेल्डन रायलीला १२३ आणि पुन्हा २. शेजाऱ्यांच्या मतांचे कारण इथे पुरत नाही, कारण शेजार नसूनही २०१६ ला प्रेक्षकांनी १९१ दिलेच होते. आयझाया आणि रायली ही दोघे गळ्याची ताकद दाखवणारी संथ गाणी घेऊन आली होती. परीक्षक अशा गाण्यावर खूश असतात. फोन मात्र जातो तो तीन मिनिटांनंतरही डोळ्यांसमोर राहिलेल्या दृश्याला.

२०१९ हे त्याचे चांगले उदाहरण. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रीय निवडफेरीत केट मिलर-हाइडके उंच झग्यात एका जागी उभी राहून गायली. तेल अवीवला गाणे तेच, पण ती आणि दोन सहकलाकार लांब लवचीक खांबांच्या टोकाशी बांधलेली होती आणि गाताना हवेत डोलत होती. मेलबर्नच्या स्ट्रेंज फ्रूट या मंडळींची ही खासियत. वाटते तितके सोपे हे नाही. मंचावर जास्तीत जास्त सहा माणसे, गाणे तीन मिनिटांच्या आत आणि मुख्य आवाज प्रत्यक्षच हवा. शिवाय दोन गाण्यांच्या मधे मिनिटभराचीही उसंत नसते. घरचा प्रेक्षक छोटी चित्रफीत पाहत असतो तेवढ्यात आधीचे सामान बाहेर, नवे आत, कलाकार जागेवर आणि मायक्रोफोन चालू, एवढे सगळे उरकावे लागते. जे झटपट ढकलत आणता येत नाही, ते मंचावर येत नाही. खांबांवरून कमरेतून मागेपुढे झुकत ऑपेरासारखे उंच सूर लावणे हा दमसासाचा वेगळाच प्रश्न. तिने उपांत्य फेरी जिंकली आणि अंतिम फेरीत परीक्षकांचे १५३, प्रेक्षकांचे १३१ घेऊन नववी आली. २०२५ पर्यंत ऑस्ट्रेलियाची दोन्ही पारडी जवळजवळ समान होण्याची ही एकच वेळ.

नियम बदलला तो २०२३ मध्ये. त्याआधीच्या वर्षी उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांची मते संशयास्पद आढळली होती, आणि त्यानंतर उपांत्य फेरीतून परीक्षक काढून निकाल पूर्णपणे प्रेक्षकांवर सोडला गेला. ऑस्ट्रेलियाच्या पायाखालची वीट निघाली ती इथे. २०२४ ला इलेक्ट्रिक फील्ड्स यांकुनिजाजारा या आदिवासी भाषेतल्या ओळी आणि डिजेरिडू हे आदिवासी फुंकवाद्य घेऊन आले, २०२५ ला गो-जो मिल्कशेकच्या भल्यामोठ्या मिक्सरसह. दोघेही अकरावे. उपांत्य फेरीतून पुढे जातात दहा. ब्रिटनमध्ये ऑस्ट्रेलियन बरेच राहतात, आणि दोन्ही वर्षी ब्रिटन त्याच फेरीत मतदार होता; तरी भागले नाही.

तरीही सगळे खापर नियमावर फोडता येत नाही. २०२३ ला हाच नियम असताना पर्थचा रॉक बँड व्हॉयेजर १४९ गुणांनी उपांत्य फेरीत पहिला आला. तिथे १६ गाणी होती आणि त्यांचे शेवटचे होते. अंतिम फेरीत २६ गाणी झाली, प्रेक्षकांची आवडती गाणी आली, आणि त्याच बँडला प्रेक्षकांचे फक्त २१ गुण मिळाले. परीक्षकांनी १३० दिले म्हणून नववा क्रमांक. उलट २०२१ ला उपांत्य फेरीत परीक्षक असूनही मॉन्टेन बाद झाली. पण त्या वर्षी साथीमुळे तिला रॉटरडॅमला जाता आले नाही आणि सिडनीत सलग, संपादनाविना चित्रित केलेले सादरीकरण दाखवावे लागले. सभागृहातला जल्लोष पाठीशी नसलेले गाणे पडद्यावर कोरडे दिसते.

२०२६ पासून उपांत्य फेरीत परीक्षक परत येत आहेत. त्यांची संख्या प्रत्येक देशात पाचवरून सात केली आहे, आणि एका प्रेक्षकाला देता येणारी मते वीसवरून दहावर आणली आहेत. माझ्या मते याचा फायदा ऑस्ट्रेलियाइतका क्वचितच कोणाला होईल. मात्र एसबीएसने लगेच संथ, गळ्याच्या ताकदीच्या गाण्यांकडे वळू नये. त्या वाटेने अंतिम फेरी गाठता येते आणि तिथे पुन्हा २ गुण मिळतात.

शेवटी एक भर. मतदान आता फक्त सहभागी देशांपुरते राहिलेले नाही. २०२३ पासून इतर कुठल्याही देशातला प्रेक्षक अधिकृत संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरून मत देऊ शकतो. अंतिम फेरी आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होते. या सगळ्या उर्वरित जगाची मते एकत्र करून त्यांचा एकच संच धरतात, म्हणजे त्याचे वजन एकट्या माल्टाच्या प्रेक्षकमताएवढे.

– एक वाचक