कार्बन क्रेडिटचे डॉलर फुकट येत नाहीत, आणि वेळेवर तर नाहीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या अर्थविषयक पानावर कार्बन क्रेडिटवर जो लेख आला तो दोनदा वाचला. पहिल्यांदा बरं वाटलं, कारण या विषयावर मराठीत फारसं कोणी लिहीतच नाही, आणि दुसऱ्यांदा वाचताना डोक्याला हात लावला. एकूण सूर असा की श्रीमंत देश पैशांच्या थैल्या घेऊन दारात उभे आहेत, विकसनशील देशांनी फक्त चुली वाटायच्या, सोलर लावायचं, जंगल राखायचं आणि बसून डॉलर मोजायचे. मी स्वतः नऊ वर्षं एका कन्सल्टन्सीत याच प्रोजेक्टांची कागदपत्रं तयार करायचं काम केलंय, त्यामुळे गप्प बसवलं नाही. कार्बन बाजार बंद करा असं मी म्हणत नाहीये. पण लेखात हा पैसा मदत असल्यासारखा मांडलाय आणि तिथेच सगळी गल्लत आहे, ही विक्री आहे हो, आणि विक्री म्हटलं की माल काय, भाव काय, पैसे कधी मिळणार, हे विचारावंच लागतं.

आधी माल. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता धरणारा दुसरा कुठला वायू, हवेत गेला नाही याचं सर्टिफिकेट. आता जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? तर प्रोजेक्ट नसता तर काय झालं असतं याचा एक अंदाज मांडायचा, त्याला बेसलाइन म्हणतात, आणि प्रत्यक्षात जे झालं ते त्यातून वजा करायचं. उरेल तेवढे क्रेडिट. म्हणजे वजाबाकीतला एक आकडा खरा आणि एक कल्पनेतला. इतर कुठल्याही बाजारात विकणारा वजन फुगवायला लागला की घेणारा भांडतो, इथे घेणाऱ्यालाही स्वस्तात जास्त टन मिळाले तर हवेच असतात, आणि तपासायला जो ऑडिटर येतो त्याची फी भरतो कोण, तर प्रोजेक्टवालाच. मग भांडणार कोण?

लेखकाने क्योटो कराराचं नाव एका ओळीत घेऊन सोडून दिलं, पण खरा धडा तिथेच आहे. १९९७ च्या त्या करारात क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम आलं, आम्ही त्याला सीडीएम म्हणायचो. श्रीमंत देशांना उत्सर्जन कमी करायचं बंधन, विकसनशील देशांना नाही, म्हणून श्रीमंतांनी गरिबांकडचे प्रोजेक्ट उभे राहायला पैसे द्यायचे आणि मिळणारे क्रेडिट आपल्या हिशोबात धरायचे. पहिला प्रोजेक्ट २००४ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधला रजिस्टर झाला, कचरा डेपोतून निघणारा मिथेन पकडायचा होता. चांगली सुरुवात होती. पुढे हजारोंनी प्रोजेक्ट आले, दोनशे कोटींच्या वर क्रेडिट निघाले, त्यातले जवळपास निम्मे चीनचे, आफ्रिकेच्या वाट्याला मात्र चिल्लर.

आणि मग तो एचएफसी-२३ चा प्रकार. एसी-फ्रीजसाठी एचसीएफसी-२२ नावाचा गॅस बनवतात, तो बनवताना बाजूला एचएफसी-२३ तयार होतो. हा इतका जहाल की तेव्हाच्या हिशोबात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन धरायचे. जाळून टाकायला खर्च किरकोळ. एक टन जाळला की जवळपास ११,७०० क्रेडिट हातात, आणि तेव्हा युरोपात क्रेडिटला दहा-दहा युरोच्या वर भाव. मग काय झालं ते सांगायला नकोच, मूळ मालापेक्षा टाकाऊ गॅसच जास्त कमावून देऊ लागला. जगात असे जेमतेम दीड-दोन डझन कारखाने, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या क्रेडिटचा मोठा वाटा त्यांचा. शेवटी २०१३ च्या मे महिन्यापासून युरोपने हे क्रेडिट आपल्या बाजारात घ्यायचं बंद केलं. जे काम एका साध्या नियमाने आणि थोड्याशा अनुदानात झालं असतं त्याला अनेक पट पैसे गेले, आणि ज्या गावात खरंच वीज नव्हती तिथे यातलं काही पोचलं नाही.

आता चुली, कारण लेखात त्यांचं फार कौतुक आहे. सुधारित चूल दिली की लाकूड कमी लागतं, धूर कमी होतो, बाईचे डोळे वाचतात, यात वाद नाही. वाद एक्सेलमध्ये आहे. समजा एका चुलीमुळे वर्षाला दोन टन लाकूड वाचलं. एक टन लाकूड जाळलं की साधारण पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साडेतीन टन. पण जे लाकूड तोडल्यावर पुन्हा तेवढंच उगवतं ते मोजायचं नसतं, जंगल खरंच कमी होतंय तेवढाच भाग धरायचा, म्हणून एका टक्केवारीने गुणायचं. ती ९० टक्के धरली तर ३.१५ क्रेडिट, ४० टक्के धरली तर १.४. पन्नास हजार चुली असतील तर एकीकडे १,५७,५०० आणि दुसरीकडे ७०,०००. फक्त एक सेल बदलला! चूल तीच, लाकूड तेच, घर तेच. २०१५ मध्ये एका जागतिक अभ्यासात हे प्रमाण सरासरी २७ ते ३४ टक्के निघालं होतं आणि प्रोजेक्टांच्या कागदात सर्रास ८० च्या वरचे आकडे असायचे. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या संशोधकांनी चुलींचे प्रोजेक्ट तपासले, तर त्यांच्या नमुन्यात क्रेडिट सरासरी ९.२ पट जास्त दिलेले निघाले.

मी स्वतः एकदा सर्व्हेच्या टीमबरोबर गेलो होतो, देश सांगत नाही. प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न, नवी चूल वापरता का. बाई म्हणाली हो. चूल कोपऱ्यात होती, त्यावर कोंबडी बसलेली, आणि राख नव्हतीच, जुन्या तीन दगडांच्या चुलीवर मात्र भांडं रटरटत होतं. चूल फुकट देणाऱ्या माणसांसमोर ती बिचारी नाही कशाला म्हणेल? सर्व्हेवाल्याने ‘हो’वर टिक केली, मीही काही बोललो नाही. बाहेर आल्यावर गाडीत कोणी विषय काढला नाही. तो प्रोजेक्ट पास झाला.

बरं, माल खरा आहे असं धरून चालू. पैसे कधी येतात? इथे लेखक सगळ्यात जास्त घसरलाय. क्रेडिट मिळतं काम झाल्यावर, मोजणी झाल्यावर, तपासणी झाल्यावर, आणि त्यानंतर रजिस्ट्रीने, म्हणजे क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, इश्यू केल्यावर. यात सहज दोन-तीन वर्षं जातात. पण पवनचक्की उभी करायला, बस घ्यायला, डेपोवर पाइप टाकायला पैसे लागतात पहिल्या दिवशी. विकसनशील देशात कर्ज आधीच महाग, आणि उद्या मिळणाऱ्या क्रेडिटवर बँक सहसा कर्ज देत नाही, का द्यावं तिने, भाव उद्या काय असेल कोणाला ठाऊक. हे म्हणजे वरातीमागून घोडं. मग होतं असं की ज्याच्याकडे आधीच भांडवल आहे तो प्रोजेक्ट उभा करतो, म्हणजे जो क्रेडिटशिवायही उभा राहिला असता तोच. आणि नियम तर असा आहे की क्रेडिटच्या पैशाशिवाय उभा राहणार नाही अशाच प्रोजेक्टला क्रेडिट द्यायचे, ॲडिशनॅलिटी म्हणतात त्याला. गंमतच आहे. २०१६ मध्ये युरोपीय कमिशनसाठी जर्मनीतल्या एका संस्थेने जो अभ्यास केला त्यात तपासलेल्या सीडीएम प्रोजेक्टांपैकी ८५ टक्क्यांमध्ये ही अट पूर्ण होण्याची शक्यता कमी, असं निघालं.

ज्याच्याकडे भांडवल नाही त्याच्याकडे बाहेरचा डेव्हलपर येतो. खर्च मी करतो, कागद मी करतो, ऑडिटरची फी मी भरतो, तुम्ही दहा वर्षांचे क्रेडिट आत्ताच ठरलेल्या भावात मला लिहून द्या. पुढे भाव चढला तर तो त्याचा. रिस्क घेतो म्हणून त्याने कमवावं हे ठीक, पण कागदावर सही करणाऱ्या गावाला किंवा पालिकेला बहुतेक वेळा भाव चालू काय आहे हेच माहीत नसतं.

आणि भाव पडला तर? तेही बघून झालंय. २००८ मध्ये सीडीएम क्रेडिट २० युरोच्या वर होतं, २०१२ संपताना एका युरोच्या खाली. मंदी आली, युरोपातल्या कारखान्यांकडे उत्सर्जनाची परवानगीपत्रं उरली, अमेरिका क्योटोत आलीच नव्हती, कॅनडाने २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आणि घेणारे म्हणजे शेवटी युरोपच, त्यांनीही २०१२ नंतरच्या नव्या प्रोजेक्टांपैकी फक्त सर्वात मागास देशांचे घ्यायचं ठरवलं. आमच्या ऑफिसात त्या वर्षी अर्धी टेबलं रिकामी झाली. फायली मात्र राहिल्या, कपाटभर, व्हेरिफिकेशनची फीसुद्धा क्रेडिट विकून निघेना म्हणून मोजणीच सोडून दिलेले प्रोजेक्ट.

आता पॅरिस करार. लेखकाने त्यातल्या कलम ६ चं, म्हणजे देशादेशांतल्या क्रेडिटच्या व्यवहाराच्या कलमाचं, नाव घेतलंय पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाळलीय. क्योटोमध्ये विकसनशील देशांना उद्दिष्टच नव्हतं, त्यामुळे क्रेडिट विकलं तरी आपल्या खिशातून काही जात नव्हतं. पॅरिसनंतर जवळपास प्रत्येक देशाने स्वतःचं उद्दिष्ट जाहीर केलंय, एनडीसी. म्हणून आता क्रेडिट दुसऱ्या देशाला त्याच्या उद्दिष्टासाठी विकलं की आपल्या वहीत तेवढे टन परत चढवावे लागतात, म्हणजे कपात आपल्या जमिनीवर झाली, पण मोजली जाणार त्यांच्या नावावर. एकच टन दोघांनी मोजू नये म्हणून ही अट, आणि ती योग्यच आहे. पण मग विकताना विचार नको का? सोपी आणि स्वस्त कपात आधी विकून टाकली की आपलं स्वतःचं उद्दिष्ट गाठायला महागडी तेवढीच उरते, आणि तेव्हा विकलेले टन त्या भावात परत कोणी देत नाही.

काही देशांनी हे ओळखलंय. भारताने फेब्रुवारी २०२३ मध्ये परदेशाशी अशा व्यवहारासाठी १३ प्रकारच्या कामांची यादी काढली, त्यात साधं सोलर नाही, स्टोरेज असलेली अक्षय ऊर्जा, ग्रीन हायड्रोजन, समुद्रातली पवनऊर्जा अशी महाग कामं आहेत, म्हणजे स्वस्त ते घरात ठेवा आणि परवडत नाही ते त्यांच्या पैशाने करा. हे शहाणपणाचं आहे आणि लेखात याची एक ओळ तरी हवी होती. पॅरिसच्या नियमाखाली स्वित्झर्लंड आणि थायलंडमधला पहिला व्यवहार २०२३ च्या अखेरीस झाला, बँकॉकच्या इलेक्ट्रिक बसचा. स्वित्झर्लंडमध्ये पेट्रोल-डिझेल आयात करणाऱ्यांवर भरपाईचं कायदेशीर बंधन आहे, तो पैसा तिथून येतो. पण पहिल्या खेपेला किती टन गेले? दोन हजारही नाहीत.

बाकूला २०२४ मध्ये जी हवामान परिषद झाली तिचं उदाहरण लेखकाने दिलंय म्हणून तेही सांगतो. पॅरिस कराराखालच्या कार्बन बाजाराच्या नव्या यंत्रणेची मानकं तिथे पहिल्याच दिवशी मंजूर झाली, टाळ्या पडल्या. श्रीमंत देशांनी मदत म्हणून द्यायच्या प्रत्यक्ष पैशाचा विषय मात्र शेवटच्या रात्रीच्याही पुढे गेला. विकसनशील देश वर्षाला १.३ ट्रिलियन डॉलर म्हणत होते, ठरले २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, भारताने तिथेच जाहीर आक्षेप घेतला. त्याआधीचं वर्षाला १०० अब्जांचं वचन २००९ मधलं, २०२० पर्यंत द्यायचं होतं, पूर्ण झालं म्हणतात ते २०२२ मध्ये. मला काळजी याची आहे की उद्या क्रेडिट विकत घेतले तेही ‘मदत’ म्हणून याच्यात दाखवायचा मोह होणार, आणि असे लेख ती वाट सोपी करून देतात. त्यांनी टन घेतले, आपण टन दिले, यात मदत कुठली?

नव्या यंत्रणेत काही गोष्टी नक्कीच बऱ्या आहेत, ५ टक्के क्रेडिट हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या फंडाला जाणार, सीडीएममध्ये २ टक्के जायचे, शिवाय २ टक्के कोणालाच न विकता सरळ रद्द होणार. बेसलाइनही वर्षागणिक खाली आणायची आहे. चांगलंय. अजूनही ऑडिटरची फी प्रोजेक्टवालाच भरतो, ते कोणी बदललेलं नाही.

लेखकाला माझी एवढीच विनंती की पुढचा भाग लिहाल तेव्हा ज्या दोन प्रोजेक्टांचं कौतुक केलंय त्यांचा टनाला ठरलेला भाव छापा, त्यातले स्थानिक लोकांना किती मिळतात ते छापा, आणि ते टन कोणत्या देशाच्या वहीत गेले तेही.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. : लेखातल्या तक्त्यात ‘कार्बन’ आणि ‘कार्बन डायऑक्साइड’ एकाच रकान्यात टाकलेत. एक टन कार्बन जळाला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो, त्यामुळे तिसऱ्या ओळीपासून खालच्या बेरजा चुकल्यात. दुरुस्ती छापावी.