साक्षीदार क्रमांक 14 : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

परवा पोळ्याला आपण आमच्या गावी आलात. तोरणाखाली उभं राहून झडत्या ऐकल्या, हसलात, उत्कृष्ट बैलजोडीचं पहिलं बक्षीस दिलं. ज्याच्या हातात दिलं, त्याच्याच शब्दावर माझ्या धाकट्या भावाचा जीव गेला. फोटोत आपला हात त्याच्या खांद्यावर आहे. तेव्हा मी पोळ्यात नव्हतो. आमची जोडी वकिलाच्या फीपायी फेब्रुवारीतच बाजारात गेली. रिकाम्या गोठ्यापुढे माय बसली होती, तिच्याजवळ बसून होतो.

भावाच्या तेरवीला आपण आला होता, ते आठवत असेल. सतरंजीवर बसलात, चहा घेतला आणि म्हणालात, "एकालाही सोडणार नाही." मायनं तुमचे पाय धरले होते.

भांडण पांदणीचं, म्हणजे शेतात जायच्या सामाईक वाटेचं. पंचवीस घरांची शेती ज्या पांदणीवर, ती या बक्षीसवाल्यानं नांगरून आपल्या वावरात घेतली. भावानं तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अर्ज केला, निकाल आमच्या बाजूनं लागला. पांदण मोकळी करायची तारीख ठरली आणि तिच्या चार दिवस आधी, नोव्हेंबर 2024 मध्ये, कापूस वेचणीच्या वेळी दोन पोरांनी बैलगाडीच्या उभारीनं त्याचं डोकं फोडलं. हा बक्षीसवाला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा होता. वेचणीला आलेल्या बाईनं याच्या तोंडून ऐकलं, "पाहून काय रायले बे, संपवा त्याले!" पोरं आली याच्या ट्रॅक्टरवर, गेली याच्याच ट्रॅक्टरवर.

दोषारोपपत्र 90 दिवसांच्या आत आलं, त्याबद्दल आभार मानले पाहिजेत म्हणतात. मानतो. त्यात आरोपी दोन, दोन्ही मजूर. आणि तो? तो साक्षीदार क्रमांक 14. घटनास्थळी धावून आलेला, जखमीला पाणी पाजणारा सज्जन! बाईच्या जबाबात तेवढं एक वाक्य नाही. ती म्हणते, मी सांगितलं होतं, साहेबानं लिहिलं नाही. अंगठा मात्र घेतला.

महोदय, मी बी.ए. नापास शेतकरी. पण या नऊ महिन्यांत कायदा वाचला, कारण वाचायला दुसरं कोणी नव्हतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 3(5) सांगतं की सामाईक इराद्यानं गुन्हा झाला तर प्रत्येक जण तो एकट्यानंच केल्यासारखा जबाबदार. चिथावणीवरून गुन्हा घडला तर कलम 49 खाली मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. आणि चिथावणारा जागेवर हजर असला तर कलम 54 त्याला गुन्हा करणाराच धरतं. हे नवं नाही, जुन्या दंड संहितेत 34, 109 आणि 114 होतंच. 1923 साली कलकत्त्यात पोस्टमास्तरला गोळ्या घातल्या, तेव्हा आरोपी बरेंद्रकुमार घोष म्हणत होता, मी तर बाहेर अंगणात उभा होतो. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, त्याचं अपील फेटाळलं. इंग्रजाला शंभर वर्षांपूर्वी अंगण समजलं, आमच्या ठाण्याला धुरा समजत नाही.

त्या दोघांतल्या धाकट्या पोराची माय एकदा आमच्या दारात आली. मी हाकलणार होतो. ती म्हणाली, "माह्या पोरानं मारलं भाऊ, मी नाही म्हनत नाही. पण त्याले धाडलं कोनं, हे कोनीच इचारत नाही." पोरगं बोलायला तयार आहे म्हणे. कायद्यात माफीचा साक्षीदार करायची सोय आहे. पण कोणी विचारलंच नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, हीच तर अडचण!

मागणं फार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या 193(9) खाली पुढचा तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. त्या दिवसाचे फोनचे रेकॉर्ड मागवा. बाईला संरक्षण द्या, तिच्या घरावर दोनदा रात्री दगड पडले. विशेष सरकारी वकील द्या. हे चार अर्ज मी दिलेत. जिल्ह्याला 37 हेलपाटे झाले, दर वेळी "साहेब मीटिंगमध्ये". पोळ्याला मात्र दीडशे पोलीस होते. मी मोजले नाहीत, पण तेवढे असतीलच. दगड पडले त्या रात्री एकाच्याही गाडीत डिझेल नव्हतं.

आता मला सगळीकडे हेच दिसतं. रेतीचा ट्रॅक्टर पकडला की ड्रायव्हर आत, घाटाचा मालक तुमच्या सत्काराला. बोगस बियाणं उगवलं नाही की गावचा दुकानदार आत, बनवणारा बाहेर. कर्जापायी कोणी फास घेतला की पंचनाम्यात "दारूचं व्यसन". हात तेवढे तुरुंगात जातात. हुकूम देणाऱ्या तोंडाला तुम्ही पेढा भरवता. या राज्यात उभारी धरायची नसते साहेब, नुसतं धुऱ्यावर उभं राहायचं असतं.

पांदण अजून बंदच आहे. यंदाचा कापूस डोक्यावर वाहून आणावा लागेल, माय 68 वर्षांची आहे.

खटल्याची पुढची तारीख 19 आहे. साक्षीदार क्रमांक 14 ला समन्स गेलं आहे. त्याला तुमच्या गाडीतून पाठवू नका, एवढं तरी करा.

आपला,
मयताचा मोठा भाऊ
(गाव-तालुका लिहीत नाही. चारही अर्जांवर आहे, ते तुमच्या पीएकडे पडलेत.)